मशीनपुढे कोण बसलंय?

त्यांच्या दारावर बेल नव्हती. बदलापूर पूर्वेला नव्या बिल्डिंगा उठायला लागल्या त्या काळात त्यांनी दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला आणि राहायला गेल्या गेल्या बिल्डरने लावून दिलेली बेल स्वतः स्टुलावर चढून काढून टाकली. भोकात सिमेंट भरलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "बेल वाजली की कुणीतरी आलंय एवढंच कळतं. कोण आलंय ते कळतं का? मग उपयोग काय तिचा?" तेव्हापासून येणाऱ्याने कडी वाजवायची, आतून "कोण?" असा खणखणीत आवाज यायचा आणि बाहेरच्याने नाव सांगायचं. नुसतं "मी" म्हटलं तर दार उघडत नसे. "मी तर सगळेच असतात. मी म्हणजे कोण? नाव सांगा!" दूधवाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना हाच नियम. त्यांची बायको बाजारातून आली, दोन्ही हातांत पिशव्या, जिना चढून धाप लागलेली, तरी तिलाही बाहेर उभं राहून नाव आडनावासकट सांगावं लागायचं. एकदा माझ्या देखत तिने ते सांगितलं आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मला हसू आलं नाही. मी तेव्हा नुकतीच नवऱ्याच्या घरून परत आले होते आणि बायकांना दारात तिष्ठत ठेवणारे पुरुष मला डोळ्यांसमोर नको झाले होते.

तरीही पुढची पाच-सहा वर्षं मी या माणसाला देव मानलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर तो कुठून आला हे कुणाला विचारावं लागणार नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एक केमिकलची फॅक्टरी होती. ते तिथे ट्रेनिंग ऑफिसर होते, आणि सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. मी टाइम ऑफिसात हजेरीची क्लार्क. घर उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली पापडाचा कारखाना. नवऱ्याला सोडून आल्यावर ऑफिसात माझं काय करायचं हे कुणालाच कळेना. जुन्या क्लार्क बायका मला नवऱ्याच्या आडनावाने हाक मारून मग जीभ चावायच्या. पर्सोनेल मॅनेजर तर मुद्दाम तेच आडनाव घ्यायचा आणि वर म्हणायचा, "रेकॉर्डला तेच आहे मॅडम, मी काय करू?" अशात एके दिवशी सर माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. सुरक्षेच्या वर्गाची यादी करत होते. खिशातलं पेन काढून त्यांनी सरळ विचारलं, "तुमचं नाव काय लिहू? तुम्ही सांगाल ते."

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून मला दर वेळी त्या तिन्ही नावांनिशी हाक मारली. सगळ्यांनाच ते तशी मारत. फॅक्टरीच्या गदारोळात एवढं लांब नाव घेऊन माणसाला बोलावणं म्हणजे अर्धी लढाई, पण त्यांना ती मान्य होती. पुढच्याच मीटिंगमध्ये मॅनेजरने माझं जुनं आडनाव घेतलं तेव्हा सर म्हणाले, "या नावाची बाई इथे कामाला नाही." मॅनेजर हसला. सर हसले नाहीत, आणि मॅनेजरने आडनाव सुधारून वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत त्यांनी मीटिंग पुढे सरकू दिली नाही.

अशा माणसाला मी देव मानलं तर माझं काय चुकलं?

विक्षिप्त ते होतेच. छत्रीवर, डब्याच्या झाकणावर, चपलेच्या तळाला, सगळीकडे ऑइल पेंटने नाव. फोन वाजला की उचलून गप्प बसायचे. समोरच्याने आधी नाव सांगायचं. एकदा हेड ऑफिसातून खुद्द डायरेक्टर "अरे, मी बोलतोय" म्हणाले, तर सरांनी फोन ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा डायरेक्टरांनी निमूट नाव सांगितलं. ही गोष्ट कँटीनमध्ये पुढे कित्येक वर्षं मीठमसाला लावून सांगितली जायची आणि सर शेजारच्या टेबलावर बसून, ऐकू येत नसल्यासारखे ताक प्यायचे.

हे वेड कुठून आलं, ते मात्र चेष्टेचं नव्हतं. प्रत्येक नव्या वर्गात पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट सांगायचे. सर तरुण असताना दुसऱ्याच एका कारखान्यात केमिस्ट होते. तिथे दोन कामगारांनी आपसात पाळी बदलली. एकाच्या घरी काही कार्य होतं म्हणून दुसरा त्याच्या जागी आला, त्याचंच कार्ड पंच करून आत गेला, आणि त्या दिवशी रिॲक्टर फुटला. माणूस ओळखू येण्यासारखा उरला नाही. कार्डावर जे नाव होतं त्या नावाच्या घरी निरोप गेला. निरोप घेऊन गेलेला माणूस म्हणजे सर. "त्या बाईने माझ्यासमोर भिंतीवर हात आपटून बांगड्या फोडल्या," ते सांगायचे, "आणि दुपारी तिचा नवरा मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. आता मला सांगा, जिचा खरा गेला होता तिला तोवर कुणी सांगितलं? ती बिचारी संध्याकाळचा स्वयंपाक करत होती." एवढं बोलून ते खडू खाली ठेवायचे. मग ते प्रत्येकाला उभं करून त्याचं पूर्ण नाव घेत.

त्यामुळे फॅक्टरीत कॉम्प्युटर आले आणि ट्रेनिंग त्यावर घ्यायचं ठरलं, तेव्हा सरांना काय हवं होतं हे वेगळं सांगायला नको. मी उल्हासनगरात एका क्लासला जाऊन कॉम्प्युटरचं टायपिंग शिकले होते, म्हणून मला टाइम ऑफिसातून उचलून त्यांच्या हाताखाली दिलं. बाहेरून तयार प्रोग्राम मिळत होते, पण ते इंग्रजीत आणि आमच्या प्लँटशी काही संबंध नसलेले. सर म्हणाले, आपला आपण लिहू. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाने पुस्तकं आणून ती भाषा शिकून घेतली. पडद्यावर मराठी अक्षरं यावीत म्हणून मशीनमध्ये वेगळं कार्ड बसवून घेतलं. एकेका कामाचा एकेक धडा: पंप चालू करणे, फिल्टर प्रेस धुणे, ॲसिडची पाइपलाइन उघडणे. धडा संपला की प्रश्न, आणि प्रश्नांचे मार्क त्या त्या माणसाच्या नावावर.

पहिला पडदा मात्र धड्याचा नव्हताच. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची: तुम्ही कोण? कामगाराने नाव टाइप करायचं. मग मशीन असं काही विचारायचं, जे त्या एका माणसालाच ठाऊक असेल. हे प्रश्न सरांनी प्लँटमध्ये फिरून, एकेकाच्या शेजारी बसून गोळा केले होते. कुणाला आईचं माहेर, कुणाला लहानपणी पडलेलं टोपणनाव, कुणाला घरच्या बैलाचं नाव. माणसं आधी लाजली, मग त्यांना गंमत वाटायला लागली. पालेगावचा एक जण तर आपल्या मेलेल्या बैलाचं नाव पडद्यावर टाइप करताना डोळे पुसत होता.

आमच्याकडे मशीनं बसवून दिली होती उल्हासनगरच्या एका सिंधी गृहस्थाने. तो सगळ्यांना साईं म्हणायचा, म्हणून त्यालाही सगळे साई म्हणायचे. त्याने हा पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे सर, ये क्या शादी का रिश्ता जोड रहे हो? सकाळी सर्व्हरला नाव आणि पासवर्ड टाकूनच आदमी आत येतो ना. मशीनला ते नाव याद असतं. तुमचा प्रोग्राम तिथून उचलेल. एक लाइन का काम है."

सर म्हणाले, "पण ते नाव टाकलेला माणूसच मशीनपुढे बसलाय, हे कसं कळणार?"

"वो मशीन को नहीं मालूम, साईं. मशीन को सिर्फ नाम मालूम. कौन बैठा है, वो तुम देखो."

साईला व्यापार कळत होता आणि त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण पर्सोनेल मॅनेजरच्या कानावर तेवढी एक लाइन पडली. त्याने सरांना बोलावून सांगितलं, कामगारांची दहा-दहा मिनिटं नाव टाइप करण्यात जातात, हे बैलबिल बंद करा, नाव सर्व्हरवरून घ्या. सर भांडले. आठवडाभर कँटीनमध्ये मॅनेजरच्या टेबलाकडे पाठ करून जेवले. शेवटी ती लाइन लिहायला बसले, आणि त्या लाइनीच्या प्रेमात पडले.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. प्रोग्राम सुरू झाला आणि काहीही न विचारता पडद्यावर त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव आलं: नमस्कार, अमुक अमुक. ते खुर्चीत मागे रेलले. आयुष्यभर ज्याने प्रत्येकाला "कोण?" विचारलं त्या माणसाला विचारल्याशिवाय कुणीतरी ओळखलं होतं. त्यांनी प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा ते नाव बघितलं. मला म्हणाले, "आता विचारायलाच नको. त्याला माहीत आहे." त्या दिवशी ते मला वडापाव खायला घेऊन गेले, आणि असं ते कधी करत नसत.

आता जे घडलं ते फक्त केमिकल प्लँटमध्येच घडू शकतं. आमचा प्लँट चोवीस तास चालायचा. तिथे चालू मशीन कधी बंद करायचं नाही, हा धर्म. पाळी संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि तो आला की चालत्या मशीनचा चार्ज त्याच्या हातात द्यायचा. हे शिकवलं कुणी? सरांनीच. पंधरा वर्षं घसा फोडून शिकवलं. माणसांनी तेच कॉम्प्युटरला लावलं. सकाळी एकाने नाव-पासवर्ड टाकून मशीन चालू केलं की ते बंद करायचा प्रश्नच नाही. त्याचा धडा झाला की तो उठायचा, "चार्ज घे रे" म्हणायचा आणि दुसरा बसायचा. दुसऱ्याचाही धडा पहिल्याच्या नावावर. संध्याकाळपर्यंत अख्खी पाळी एकाच नावाने शिकून बाहेर पडायची.

आणि ते नाव बहुतेक वेळा बाळारामचं असायचं. बाळाराम बदलापूर गावातला, दहावीपर्यंत शिकलेला, पॅकिंगमध्ये कामाला. बाकीचे पासवर्ड विसरायचे, तो विसरायचा नाही. सायकलवर सगळ्यांच्या आधी यायचा, ट्रेनिंग रूम उघडायचा, मशीन चालू करायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. त्यात त्याला कोण अभिमान.

हे सरांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मी त्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीवर पाटी लावली: उठताना आपल्या नावातून बाहेर पडा. पाटी वाचून लोक हसले आणि चार्ज देत राहिले. मी म्हटलं, "सर, तो जुना पडदा परत आणू या." म्हणाले, "माणसं बदलतील. प्रोग्राम बरोबर आहे." पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज मॅनेजरसारखा वाटला.

मग सुरक्षा सप्ताह आला. हेड ऑफिसचे पाहुणे येणार, सरांचा प्रोग्राम त्यांना दाखवायचा, आवडला तर तो कंपनीच्या सगळ्या फॅक्टऱ्यांत जाणार आणि पहिल्या पडद्यावर सरांचं नाव राहणार, असं ठरलेलं. सर्वांत जास्त धडे, सर्वांत जास्त मार्क, म्हणून बाळारामचं नाव पुकारलं. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. तो स्टेजजवळ आला, पण वर चढायच्या आधी सरांपाशी थांबला. मी सरांच्या बाजूलाच उभी होते.

"सर, मी एवढे धडे नाय केले. लोकांनी केले माज्या नावावर. ॲसिडचा त मी बगितलापन नाय."

सरांनी स्टेजकडे बघितलं. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

"असू दे," ते म्हणाले. "जा वर. घे."

तो गेला. फोटो निघाला. फोटो नोटीस बोर्डावर लागला आणि लोकांनी बाळारामला "मास्तर" म्हणून चिडवायला सुरुवात केली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. डबा त्याने बायकोला दिला.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी ॲसिड सेक्शनचा माणूस आला नाही, म्हणून सुपरवायझरने बाळारामला पॅकिंगमधून तिकडे पाठवलं. पंप बंद पडला होता. लाइन मोकळी कर, एवढंच त्याला सांगितलं गेलं. लाइनीत प्रेशर अडकलेलं असतं, ते आधी सोडायचं असतं, तोंडावर शील्ड बांधायची असते, हे सगळं ॲसिडच्या धड्यात होतं. बाळारामने पाना घेतला आणि जोड सैल केला. ॲसिड सरळ तोंडावर आलं. एक डोळा जागीच गेला. दुसऱ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत राहिला.

दवाखान्यातून तो घरी आला त्याच आठवड्यात त्याला चार्जशीट मिळाली. पूर्ण प्रशिक्षित असूनही निष्काळजीपणे लाइन उघडली, असा आरोप. सुपरवायझरने न शिकलेल्या माणसाला ॲसिडवर पाठवलं हे सिद्ध झालं असतं तर दोष कंपनीवर आला असता. म्हणून बाळाराम शिकलेला असणं कंपनीला हवं होतं, आणि कॉम्प्युटर सांगत होता की तो शिकलेला आहे. एकदा नव्हे, ॲसिडचा धडा त्याच्या नावावर अनेकदा होता, दर वेळी पैकीच्या पैकी. शिवाय बक्षिसाचा फोटो होताच.

चौकशी अधिकारी म्हणून कल्याणहून एक वकील आले होते, चौकशी ट्रेनिंग रूममध्येच भरली. भिंतीवर ती पाटी तशीच. बाळाराम काळा चष्मा लावून बायकोच्या हाताला धरून आला. त्याच्या बाजूने मी साक्ष दिली. चार्ज देण्याची पद्धत सांगितली, स्टेजपाशी झालेलं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. मॅनेजरने मला एकच विचारलं, "मॅडम, तुम्हाला प्रोग्राम लिहिता येतो?" मी म्हटलं, नाही. "मग मशीन काय ओळखतं आणि काय नाही, हे तुम्ही कसं सांगता?" असं म्हणून तो खाली बसला. चार्ज देणारे, घेणारे सगळे बाहेर व्हरांड्यात उभे होते. एकही आत आला नाही. बाळारामच्या नावावर ॲसिडचा धडा कोणी केला हे बोलायचं तर स्वतःचा धडा झालेला नाही हे कबूल करावं लागणार, आणि नोकरी सगळ्यांनाच प्यारी होती. युनियनचा पुढारी चहा पीत होता.

मला काळजी नव्हती. माझ्यानंतर सर बोलणार होते.

सर आले, नेहमीसारखे कडक इस्त्रीच्या शर्टात. वकिलांनी विचारलं, हा प्रोग्राम कुणी लिहिला? त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. प्रोग्राम समोरच्या माणसाला ओळखतो का? सर म्हणाले, "सर्व्हरवर ज्या नावाने प्रवेश झालेला असतो ते नाव प्रोग्राम घेतो." मला वाटलं, आता पुढचं वाक्य येणार. नाव कळतं, माणूस कळत नाही. ती बांगड्या फोडणारी बाई आता येणार. वकील आणि बाळारामची बायको सोडली तर या खोलीत ती गोष्ट ज्याने ऐकली नाही असा एकही माणूस नव्हता.

वकील म्हणाले, "सरळ सांगा. हा प्रोग्राम चुकीच्या माणसाचं नाव लावू शकतो का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हेड ऑफिसचं पत्र आलेलं होतं. प्रोग्राम सगळ्या फॅक्टऱ्यांत जाणार हे पक्कं झालं होतं. मॅनेजर त्यांच्याकडे बघत होता. बाळाराम आवाजाच्या दिशेने तोंड करून बसला होता.

"प्रोग्राममध्ये चूक नाही," सर म्हणाले.

"मग ॲसिडचा हा धडा घेणारा माणूस कोण?"

त्यांनी बाळारामचं नाव घेतलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही स्पष्ट, जसं ते वर्गात घ्यायचे.

मला त्या क्षणी त्यांची किळस आली. आजही हा शब्द बदलावा असं मला वाटत नाही. पैशासाठी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पैशाची गरज कुणाला नसते? या माणसाने ते एका पडद्यासाठी केलं. आपलं काम चुकलेलं नाही एवढं म्हणता यावं म्हणून दुसऱ्याचे डोळे त्याच्याच माथी मारले.

बाळारामची नोकरी गेली. मला ट्रेनिंगमधून काढून पुन्हा टाइम ऑफिसात बसवलं, गेटच्या बाजूच्या खोलीत. सर जाता-येता माझं पूर्ण नाव घेऊन "नमस्कार" म्हणायचे. मी हजेरीची कार्डं लावत राहायची. त्यांचा प्रोग्राम दुसऱ्या फॅक्टऱ्यांत गेला, वर्ष-दीड वर्ष चालला. मग सगळीकडे रंगीत पडद्यांची नवी मशीनं आली, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने नवीन प्रोग्राम दिला आणि सरांच्या नावाचा तो पडदा पुन्हा कुणाला दिसला नाही. त्या सुमारास ते मुदतीआधी रिटायर झाले. निरोप समारंभाला मी गेले नाही.

बाळारामच्या घरी मात्र मी अधूनमधून जायची. बदलापूर गावात, देवळाच्या मागच्या बाजूला, पुढे ओटा असलेलं कौलारू घर. बायको कामाला जायची, तो ओट्यावर बसून सुपाऱ्या कातरायचा. अडकित्त्याला डोळे लागत नाहीत, म्हणायचा. अशाच एका रविवारी मी आत चुलीपाशी त्याच्या बायकोशी बोलत बसले होते. तिने तोच बक्षिसाचा डबा पुढे ओढून त्यातला चिवडा माझ्या ताटलीत घातला. बाहेर चपलांचा आवाज आला आणि ओट्याच्या पायरीशी थांबला.

"कोन?" बाळारामने विचारलं.

मी मान वाकवून दारातून पाहिलं. सर उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा घड. खूप वाळले होते. त्यांना मी दिसले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली.

"कोन हाय?" बाळारामने पुन्हा विचारलं.

"मी," सर म्हणाले.

बाळारामने अडकित्ता खाली ठेवला आणि तोंड त्यांच्याकडे केलं.

"मी म्हंजे कोन? नाव सांगा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. दारात कुणी आलं की आंधळा माणूस जसं विचारतो, तसंच त्याने विचारलं होतं. सर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचं नाव सांगावं असं त्यांना वाटत असणार. मला ते तिन्ही भाग पाठ होते. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी वाकून केळी पायरीवर ठेवली, जराशी सरळ केली आणि आले तसे निघून गेले.

बाळारामची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "कोन व्हता गो?" ती मला विचारत होती. मी काही बोलायच्या आत बाळाराम म्हणाला, "सर व्हते ना, मॅडम?"

मी म्हटलं, "हो."

त्याने चाचपून अडकित्ता पुन्हा हातात घेतला.

"मना वाटला, आज तरी नाव सांगतील."